कार्यालयीन आसनस्थितीचे मूल्यमापन

हिशेबलेखन, टंकलेखन, संगणक-चालन इ. कामे बसून करणाऱ्या व्यक्तीची मान, पाठ, खांदे व हात यांची स्थिती पाहून तीमुळे शरीरावर पडणारा ताण अजमावणे, यास आसनस्थितीचे मूल्यमापन म्हणतात. काम व साधने यांचा माणसाच्या शरीराशी मेळ घालणाऱ्या शास्त्राचा (अर्गोनॉमिक्स) हा एक भाग होय.

बैठ्या कामापासून होणाऱ्या व्याधींचे महत्त्वाचे असे जुने वर्णन इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी (१६३३–१७१४) यांचे आहे. व्यवसायजन्य रोगांवरील त्यांच्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांविषयी स्वतंत्र विवेचन आढळते. अखंड बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारे दडपण, ही तीन कारणे त्यांनी दिली. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहावयास शिकलेल्या व पुढे तोही गमावलेल्या एका लेखनिकाची हकीकतही त्यांनी नोंदविली आहे. नंतरच्या संशोधनाने या कारणांत फारशी भर घातलेली नाही. ती मोजावयाची कशी, एवढेच ठरविले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताठ बसणे हे आरोग्याचे व शिस्तीचेही लक्षण समजले जाई. जर्मनीत फ्रांट्स श्टाफेल यांनी १८८४ मध्ये कंबरेला आधार देणारी पाठ खुर्चीस असावी असे सुचविले. जे. जे. कीगन यांनी १९५३ मध्ये क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने असे दाखविले की, मांडी व धड यांत काटकोन झाला की कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. स्वीडनमध्ये आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसाच्या कण्यातील चकतीत सुई घालून दाब मोजला व तो उभे राहण्यापेक्षा बसण्यात अधिक आढळला. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत पक्का बसला. तथापि १९९९ मध्ये व्हिल्के व त्यांचे सहकारी यांनी एका स्वयंसेवकावर केलेल्या मापनात सैल बसण्यातील दाब उभ्या स्थितीपेक्षा कमी भरला. एकाच व्यक्तीवरील मापन असल्याने त्यावरून फार काही सिद्ध होत नाही. पण जुन्या निष्कर्षाचा निःशंकपणा त्याने घालविला.

झुरिक येथील एट्येन ग्रांझां व सहकारी यांनी १९८३ मध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या पडदा-चालकांस मेज-खुर्ची आवडीप्रमाणे लावू दिली, तेव्हा त्यांनी धड सरासरी १०४° इतके मागे कलते ठेवले. काटकोनी बैठकीचे चित्र कार्यालयांच्या भिंतींवर मात्र पुढेही टिकून राहिले. याच दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्यांत हात व मान दुखण्याच्या तक्रारींची लाट आली. ही शारीरिक इजा की मानसिक व सामाजिक प्रश्न, यावर वैद्यांत व न्यायालयांत तीव्र वाद झाला. दुखणे खरे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुखणाऱ्यावरच येऊन पडल्याने निरीक्षणाच्या निश्चित पद्धतीची गरज तीव्रतेने भासू लागली.

फिनलंडमधील पोलाद-उद्योगात तयार झालेली ‘ओवास’ (१९७७) ही पद्धती अवजड कामांसाठी होती. बैठ्या कामांसाठी मॅकटॅम्नी व कॉर्लेट यांची ‘रूला’ (१९९३) रूढ झाली. हिच्यात दंड, कोपरापुढील हात, मनगट, मान, धड व पाय यांच्या स्थितीस गुण देतात, उदा., मान १०° पर्यंत पुढे झुकलेली असल्यास १, २०° हून अधिक झुकल्यास ३. एकच स्थिती मिनिटाहून अधिक टिकल्यास अथवा हालचाल मिनिटास चार वेळा वा अधिक झाल्यास गुण वाढतो. अंतिम गुण १ ते ७ असून ७ आल्यास बदल तत्काळ करावा लागतो. खुर्ची, पडदा, दूरध्वनी, कळफलक व माउस यांचाही विचार करणारी ‘रोसा’ ही पद्धती २०१२ मध्ये कॅनडातून आली.

या सर्व पद्धतींत एक उणीव आहे : निरीक्षक पाहतो तो क्षण, शरीर सोसते तो दिवस. अमेरिकेतील गेर व सहकारी यांच्या २००५ मधील यादृच्छिक चाचणीत, सांगितल्याप्रमाणे बैठक बदललेल्या व न बदललेल्या गटांत दुखण्याच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक दिसला नाही. म्हणून गुणांक हा रोगनिदान नव्हे, चौकशी कोठे करावी याची खूण होय.

मापे कोणाच्या शरीराची, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. आयात आराखड्यांच्या खुर्चीत बुटक्या व्यक्तीचे पाय लोंबकळतात. भारतीयांच्या शरीरमापांचे देबकुमार चक्रवर्ती यांनी सिद्ध केलेले संकलन अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. २०२० च्या महासाथीत कार्यालय घरात आले आणि ही मापे लागू पडतील अशी खुर्चीच अनेकांपाशी नव्हती. शिवाय लॅपटॉपमध्ये पडदा व कळफलक जोडलेले असल्याने पडदा डोळ्यांच्या पातळीस आणला तर हात उचलावे लागतात, हात सोईत ठेवले तर मान वाकते. वेगळा कळफलक जोडून यंत्राखाली ग्रंथांची चळत ठेवणे, हा त्यावरचा स्वस्त उपाय होय.