न्हावा शेव्याला बारा कधी वाजतात?

न्हावा शेवा बंदराजवळच्या एखाद्या शाळेच्या मैदानात काठी रोवावी आणि तिची सर्वांत आखूड सावली केव्हा पडते ते पाहावे. घड्याळात तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. वर्षाची सरासरी काढल्यास ही वेळ १२ वाजून ३८ मिनिटे येते. (फेब्रुवारीच्या मध्यास ती १२.५२ च्या, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२.२२ च्या आसपास असते. पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि आसाचा कल ही त्याची कारणे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

हिशेब सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, आणि न्हावा शेवा आहे सुमारे ७२.९५ अंशांवर. साडेनऊ अंशांचे हे अंतर म्हणजेच ती ३८ मिनिटे.

खाडीपलीकडच्या मुंबईत ही मिनिटे एकेकाळी भांडणाचा विषय होती. त्या काळी प्रत्येक मोठ्या गावाची वेळ आपापल्या सूर्यावर चाले. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, मद्रासची ५ तास २१ मिनिटे. जहाजांना अचूक वेळ पुरविणे हे १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेचे एक प्रमुख काम होते, कारण घड्याळ चुकले की समुद्रात रेखांश चुकतो. आगगाडी आली आणि गावोगावच्या वेळा अडचणीच्या ठरू लागल्या. रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे तेच) मुंबईवरही मद्रास वेळ लादून पाहिली. लोकांनी ती मानली नाही, आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली.

१८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रिनिच हे मूळ रेखावृत्त ठरले. त्याच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईची घड्याळे त्यामुळे ३९ मिनिटे पुढे सरकणार होती. कागदावर ही बाब किरकोळ दिसते. पण गिरणी सकाळी सहाला सुरू होत असेल, तर कामगाराला आता जुन्या ५ वाजून २१ मिनिटांनाच हजर राहावे लागणार! जानेवारीत मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेने सव्वासातच्या सुमारास उगवतो. तेव्हा गिरणी कामगारांनी काम बंद ठेवून निषेध केला, यात नवल काही नाही. वंगभंगामुळे सरकारविषयी आधीच चीड होती. त्यात घड्याळही सरकारी झाले. महापालिकेने एप्रिल १९०६ मध्ये ठराव करून आपल्या घड्याळांना मुंबई वेळच परत दिली. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या एका वेळेवर, पालिका दुसऱ्या वेळेवर, असा कारभार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालला. केवळ हटवादीपणा म्हणून तो सोडून देणे मला पटत नाही. सूर्य त्यांच्याच बाजूने होता.

न्हावा शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, तोवर हा वाद संपला होता. पण जिथून आणि जिथे जहाजे जातात त्या देशांनी आपापली घड्याळे कशी लावली, ते पाहण्यासारखे आहे. चीनने १९४९ पासून सबंध देशाला १२० अंश पूर्वेची एकच वेळ लावली. तिथला काश्गर जिल्हा ७६ अंशांवर, म्हणजे जवळजवळ आपल्याच रेखांशावर आहे. सूर्याच्या मानाने तो आपल्या पुढे फक्त १२ मिनिटे, पण सरकारी घड्याळाने अडीच तास! तिथे मध्यान्ह होते दुपारी तीनच्या सुमारास, म्हणून तिथले अनेक लोक आपसांत दोन तास मागची वेळ पाळतात.

अमेरिकेने उलट वाट धरली. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी तिथल्या रेल्वे कंपन्यांनी देश पट्ट्यांत वाटला. कायदा आला १९१८ मध्ये. न्यू जर्सीतील एलिझाबेथ हे बंदराचे गाव ७४.२ अंश पश्चिमेस आहे. काश्गर आणि एलिझाबेथ यांच्यात सूर्याने अंतर १० तासांचे, पण घड्याळाने हिवाळ्यात १३ तास आणि उन्हाळ्यात १२. न्हावा शेवा ते एलिझाबेथ हिवाळ्यात साडेदहा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकन घड्याळे तासभर पुढे गेली की ते साडेनऊवर येते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा साडेदहा. सूर्याच्या हिशेबाने हे अंतर किती, ते विद्यार्थ्यांना रेखांशावरून काढू द्यावे. उत्तर या दोहोंच्या मधले, ९ तास ४८ मिनिटांच्या आसपास येईल.