तसवीर कुणाची, ओळख कुणाची?

प्रवासात भेटलेल्या अनोळखी माणसांच्या छायाचित्रांचा आपल्या देशातील इतिहास पाहू लागलो, की ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ टाळता येत नाही. जे. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के या संपादकांनी १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून त्याचे आठ खंड काढले. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत.

सुरुवात हौसेची होती. लॉर्ड कॅनिंग आणि लेडी कॅनिंग यांना हिंदुस्थानातल्या लोकांच्या तसविरी आठवण म्हणून मायदेशी न्यायच्या होत्या. त्यासाठी फिरतीवर जाणाऱ्या लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांना कॅमेरा बरोबर नेण्याचे उत्तेजन मिळाले. १८५७ च्या उठावानंतर मात्र ही हौस सरकारी काम बनली. ज्या प्रजेवर राज्य करायचे, तिचा ठाव घेण्याची राज्यकर्त्यांना निकड वाटू लागली.

त्या काळी काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि तिथेच तंबूच्या अंधारात धुवावा लागे. समोरच्या माणसाला काही सेकंद निश्चल राहावे लागे. त्या एकरंगी चित्रांतले ताठर चेहरे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मुंबईच्या विल्यम जॉन्सनने तर १८६३ आणि १८६६ साली काढलेल्या आपल्या ग्रंथात माणसांची छायाचित्रे कापून वेगळ्याच देखाव्यांवर बसवली. माणूस खरा, पण त्याच्या पाठीमागचे गाव दुसरेच!

‘पीपल ऑफ इंडिया’त चित्राखाली बहुधा जात-जमात आणि ठिकाण येते. सोबतच्या मजकुरात साऱ्या जमातीच्या स्वभावाचा निकाल लावलेला असतो.

१८६९ साली सर सय्यद अहमद खान आपल्या हमीद आणि महमूद या मुलांसह लंडनला गेले. तिथे इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी हा ग्रंथ पाहिला. महमूद पाने चाळत असताना एका तरुण इंग्रजाने त्याला विचारले, की तू हिंदुस्थानी आहेस का? त्याने होकार दिला, पण तो शरमला. आपण इथले मूळ रहिवासी नव्हेत, आपले पूर्वज परमुलखातून आले, असा खुलासाही त्याने घाईने केला. सर सय्यद यांनीच हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

उर्दू शाळांत आम्ही सर सय्यद यांच्याविषयी भरभरून बोलतो. त्यांनी या अपमानातून तालीमची गरज ओळखली, हे खरेच. ग्रंथाचा शेवटचा खंड निघाला त्याच १८७५ साली अलीगढला मदरसतुल उलूम सुरू झाले. पण चित्रातली माणसे त्यांनाही जंगलीच वाटली होती. छायाचित्रकाराच्या नजरेवर बापलेकांपैकी कुणी शंका घेतली नाही. महमूदने तर चित्रातल्या लोकांपासून स्वतःला वेगळे काढले.

त्या वेगळेपणाचा उपयोग तरी काय झाला? याच ग्रंथात एका सय्यदाचे छायाचित्र आहे. त्याच्या चेहऱ्यावरून वंशाची शुद्धता पटते, असे लेखकाने मान्य केले आहे. आणि लगेच त्याच चेहऱ्यात त्याला हट्ट, अज्ञान आणि धर्मांधताही दिसली आहे! परमुलखातले पूर्वज त्या सय्यदाला वाचवू शकले नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, शिकलगार हे बहुतांशी इथल्याच मातीतले मुसलमान. तरीही पूर्वज अरबस्तानातून किंवा इराणातून आल्याचे सांगताना आपला आवाज अजून चढतो. महमूदची ती शरम आपल्यातही शिल्लक आहे. परक्याने काढलेल्या चित्रात आपला माणूस खुजा दिसला, तर ‘तो मी नव्हेच’ म्हणणे सोपे असते. ते चित्र कुणी काढले, कशासाठी काढले आणि मजकूर कुणी लिहिला, हे विचारायला इल्म लागतो.

ते छायाचित्रे काढणारे कधीच गेले. चित्रातली माणसे मात्र अजून आपल्याकडे पाहत आहेत. ती आपलीच आहेत, एवढे मान न खाली घालता म्हणता आले, तरी दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रश्नाला खरे उत्तर मिळेल.