प्रतिबंधक स्थानबद्धता आणि मानवी हक्क : एका अप्रवर्तित घटनादुरुस्तीचा इतिहास

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दि. १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला, तेव्हा भारताने त्याच्या बाजूने मत दिले. कोणालाही मनमानी पद्धतीने अटक वा स्थानबद्ध करता येणार नाही, असे त्याचे नववे कलम सांगते. त्याच काळात दिल्लीत राज्यघटनेची रचना चालू होती व तिच्या २२ व्या कलमात, मूलभूत हक्कांच्याच प्रकरणात, विनाचौकशी स्थानबद्धतेला स्थान मिळाले. घटनाकारांपैकी अनेकांनी परकीय सत्तेचा तुरुंगवास स्वतः भोगलेला होता, ही बाब येथे विसरता येत नाही. फाळणीचा हिंसाचार आणि तेलंगणातील सशस्त्र उठाव त्यांच्यासमोर होता, हेही तितकेच खरे.

घटना अमलात आल्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संमत झाला. प्रारंभी तो एका वर्षापुरता होता. प्रत्यक्षात मुदतवाढ मिळत तो १९६९ अखेरपर्यंत टिकला. ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक कलम वगळता तो वैध ठरविला. पुढे १९७१ मध्ये अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजेच 'मिसा', आला. शहा आयोगाच्या आकडेवारीनुसार आणीबाणीत या कायद्याखाली ३४,९८८ व्यक्ती स्थानबद्ध झाल्या, तर संरक्षण नियमांखाली ७५,८१८ जणांना अटक झाली.

दि. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४, २१ व २२ यांच्यासाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार स्थगित झाला. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज सुनावणीस योग्य मानले. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्यांपैकी एक होते. दि. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने हे निर्णय रद्द केले. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय, या न्या. ह. रा. खन्ना यांच्या प्रश्नावर, आदेश लागू असेतो न्यायालयात उपाय नाही, असे महान्यायवादींनी मान्य केले होते. भिन्नमत नोंदविणारे एकटे न्या. खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीश नेमण्यात आला आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमताचा तो निर्णय चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले ते २०१७ मध्ये.

जनता सरकारने ४४ व्या घटनादुरुस्तीद्वारे कलम २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. ही दुरुस्ती सर्वपरिचित आहे. तिचे तिसरे कलम मात्र क्वचितच चर्चिले जाते. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना स्थानबद्ध ठेवण्याची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणावी आणि मंडळाची रचना संबंधित उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीनुसार व्हावी, असे हे कलम म्हणते. या दुरुस्तीस दि. ३० एप्रिल १९७९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच महिन्याच्या १० तारखेला भारत नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला होता. परंतु करारातील अटकेविषयीचे नववे कलम आपल्या घटनेच्या २२ व्या कलमाशी सुसंगत राहूनच लागू होईल, असे निवेदन जोडून. एकाच महिन्यातील हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

दुरुस्तीची विविध कलमे केव्हा अमलात आणावयाची, हे ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे होता. तिसऱ्या कलमाची अधिसूचना निघाली नाही. ए. के. रॉय खटल्यात १९८१ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातील एक न्यायमूर्ती होते. या वेळीही ते बहुमतातच होते. अधिसूचना काढण्याचा आदेश सरकारला देता येणार नाही, असे त्या बहुमताने ठरविले; न्या. गुप्ता व न्या. तुळजापूरकर यांचे मत वेगळे पडले. दरम्यान १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला होताच, आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले इत्यादींविरुद्ध स्वतःचा स्थानबद्धता कायदा केला.

त्यानंतर केंद्रात निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली. आणीबाणीत स्वतः स्थानबद्ध असलेले अनेक नेते मंत्री झाले, काही पंतप्रधानही झाले. संसदेने संमत केलेले ते कलम आजही अधिसूचनेच्या प्रतीक्षेत आहे व स्थानबद्धतेची मुदत तीन महिनेच आहे.