चिंधीची थोरवी

श्रोते हो, राजेरजवाड्यांच्या शालूंविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे. आज मी तुमच्याशी चिंधीविषयी बोलणार आहे. शिंप्याच्या कात्रीखाली उरलेला तुकडा, विरलेल्या लुगड्याचा शाबूत काठ, चोळीच्या खणाचा कोपरा. एवढ्याशा वस्तूला इतिहास तो कसला, असं कुणी म्हणेल. पण तो दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि त्याचं एक पान मुंबईच्या उपनगरातच दगडावर कोरलेलं आहे.

बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानातून वर गेलं, की कान्हेरीची लेणी लागतात. डोंगरात शंभराहून अधिक गुंफा आहेत. तिथे शेकडो वर्षं बौद्ध भिक्षू राहत. तिथल्या शिलालेखांत भिक्षूंच्या चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, दिलेल्या दानांचे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात. नवव्या शतकात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने इथे शंभर द्रम्मांची कायम ठेव ठेवली. तिच्या उत्पन्नातून भिक्षूंना वस्त्रं मिळावीत, अशी त्याची व्यवस्था होती.

हे चीवर कसं असे? आरंभीच्या काळात भिक्षू उकिरड्यावर नि स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून ते शिवत. विनयपिटकात एक कथा आहे. मगधातली बांधांनी आखलेली शेतं पाहून बुद्धांनी आनंदाला विचारलं, अशी वस्त्रं तुला करता येतील का? आनंदाने तुकडे जोडून तशी केली. पुढे धडकं कापड मिळालं तरी ते आधी कापायचं आणि मग जोडायचं, अशी रीत पडली. तिचं एक कारण मोठं व्यवहारी होतं. तुकड्यांच्या वस्त्राचा दुसऱ्याला लोभ सुटत नाही!

आपल्या गोधडीचाही न्याय तोच. आत जुन्या लुगड्या-धोतरांचे थर, वर रंगीत तुकडे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत धावदोरा. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढे गिरणीचं कापड खेडोपाडी पोचलं, तरी गोधडी काही थांबली नाही. तिच्यात छिटाची फुलं येऊन बसली, इतकंच. अंधेरी-घाटकोपरच्या चाळींत दुपारी बोहारीण हाक देई. जुने कपडे घेऊन ती भांडं देई. तिनेही नाकारलेलं फडकं गोधडीत जाई आणि पुढची दहा वर्षं घराला ऊब देई.

पण चिंधीचं खरं फूल झालेलं पाहायचं, तर मुंबई सोडून दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यात जावं लागेल. हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी लोकांची वस्ती आहे. यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. तिथून निसटून ते या जंगलात आले. त्यांच्या बायका गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. काम कडेपासून सुरू होतं आणि आत आत जात मध्यावर संपतं. मग चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचे रंगीत त्रिकोण एकावर एक शिवतात. त्यांना फूल म्हणतात. फुलावाचून कवंदी म्हणजे उघडी-नागडी, असं त्या मानतात. ज्यांच्या पूर्वजांचा बाजारात सौदा झाला, त्यांच्या लेकीसुना फूल लावल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणत नाहीत. श्रोते हो, हे सौंदर्य चैनीतून आलेलं नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. असं फूल शाळेत सहज करता येईल. चौकोनी तुकडा दुमडून त्रिकोण करा, कडा आत घ्या, त्यावर वेगळ्या रंगाचा लहान त्रिकोण ठेवा आणि टाके घाला. आणखीही एक काम मुलांना सांगा. कान्हेरीत दात्यांची नावं दगडावर राहिली. आपल्या गोधड्या शिवणारणींची नावं कुठेच कोरलेली नाहीत. तेव्हा मुलांनी घरची जुनी गोधडी अंगणात पसरावी, आजीला जवळ बसवावं आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारावं, हा कुणाच्या लुगड्याचा? आजी सांगेल ते वहीत उतरून घ्यावं. गोधडी विरेल, पण वही राहील.