गोडी कोणीं ठरवावी?

'व्यक्ति तितक्या प्रकृति' ही म्हण आपण बहुधा वाद मिटविण्यासाठीं वापरतों. एकास गोड रुचतें, दुसऱ्यास आंबट. मग चांगलें कोणतें हें ठरवावयाचें कोणीं? जर्मनीच्या गोड द्राक्षमद्याचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार उपयोगी आहे, असें आम्हांस वाटतें.

ऱ्हाइन नदीकांठीं योहानिसबेर्ग येथें फुल्डाच्या धर्माधिपतीचे द्राक्षमळे होते. तोडणीस त्याची अनुज्ञा लागे. १७७५ सालीं अनुज्ञापत्र आणणारा जासूद फार उशिरां परतला, अशी आख्यायिका आहे. तोंवर द्राक्षांवर बुरशी चढली होती. डोळ्यांनीं न्याय केला असता तर तीं फळें उकिरड्यावरच गेलीं असतीं. परंतु त्यांचीच वाइन केली, आणि ती चाखणारे थक्क झाले. ही बुरशी फळांतील पाणी उडवून रस दाट करते, हें शास्त्र मागाहून आलें. गुण आधीं जिभेस कळला.

पुढें एकोणिसाव्या शतकांत फोर्त्सहाइमच्या फेर्डिनांड एक्सले (१७७४–१८५२) यानें द्राक्षरसाचें वजन मोजण्याचें उपकरण प्रचारांत आणलें. लिटरभर रस तितक्याच पाण्यापेक्षां जितके ग्रॅम जड, तितके त्याचे अंश. १९७१ च्या जर्मन कायद्यानें काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ इत्यादि श्रेणी मुख्यतः या अंशांवर बसविल्या. सरकारी परीक्षक वाइन चाखतात खरी. परंतु किमान गुण मिळाले कीं ती उत्तीर्ण! शिवाय हे अंश ताज्या रसाचे. त्यांतील साखर आंबून गेली, तर श्पेटलेझही गोडीविरहित असूं शकते. आणि रीसलिंग द्राक्षाच्या वाइनीस तजेला देणारी आम्लता या मापांत उतरतच नाहीं.

मग केवळ जीभच प्रमाण मानावी काय? १९८५ सालीं ऑस्ट्रियांतील कांहीं उत्पादकांनीं डायएथिलीन ग्लायकॉल मिसळून आपली वाइन गोड व भरदार भासविल्याचें उघडकीस आलें. जर्मनींत भरलेल्या कांहीं बाटल्यांतही ती शिरली होती. पिणाऱ्यांच्या जिभा फसल्या. रसायनशाळा फसली नाहीं.

डेव्हिड ह्यूम यानें रुचीवरील १७५७ च्या निबंधांत सँचो पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट घेतली आहे. एकाच पिंपांतील मद्य दोघे चाखतात. दोघेही तें वाखाणतात. परंतु एकास त्यांत चामड्याची चव लागते, दुसऱ्यास लोखंडाची. लोक हंसतात. पिंप रितें झाल्यावर तळाशीं चामड्याची वादी बांधलेली किल्ली सांपडते!

आवड आणि पारख यांतील अंतर तें हेंच. आवडीला पुरावा लागत नाहीं. पारखीनें मात्र पुष्कळ पेले शेजारीं ठेवून चाखलेले असावे लागतात, आणि किल्ली दाखविण्याची तयारीही ठेवावी लागते. उत्तरपत्रिकांवर आंकडे मांडण्यांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. आंकड्यावांचून चालत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु उत्तम निबंध कोणता, हें त्या आंकड्यानें आम्हांस कधीं सांगितलें नाहीं. तो वाचूनच कळला.