मातीच्या दिव्याचा काळ कसा ओळखावा?

मरोळजवळच्या कोंडिविटे (महाकाली) लेण्यांपाशी नक्षीदार पणती दिसली, की ‘अशोककालीन’ म्हणून फोटो फिरू लागतात. पण ही लेणीच साधारण इ.स.पू. पहिल्या ते इ.स. सहाव्या शतकात खोदली गेली. आम्ही आधी पाहतो ते चाकाच्या रेषा की साच्याचा सांधा, आणि वातीच्या टोकाशी काजळी. तेरला सातवाहनकाळी दुहेरी साच्यातून मृण्मूर्ती घडत. साधी चाकावरची पणती मात्र आजही तशीच घडते. खरा काळ सांगतो मातीचा थर, सोबतची नाणी, खापरे. थर्मोल्युमिनेसन्स चाचणीत शेवटची भाजणी कळते. जागेवरून उचललेला दिवा लेण्यांच्या वादात पुरावा म्हणून फारसा टिकत नाही. म्हणून उचलू नका, धुऊ नका. जागेसह फोटो काढून पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा.