परवाना, लायसन आणि अनुज्ञप्ति : कोल्हापूरच्या प्रौढ मोटारसायकलस्वाराचे कागद

जुन्या दप्तरांत दस्तक, परवाना, कौल, अभयपत्र हे कागद वारंवार आढळतात. कोणास कोठें जाण्याची, कोणता माल नेण्याची, कोणत्या गांवीं वसाहत करण्याची मुभा होती, हें त्यांवरून कळतें. असल्या कागदाचा चिटोरा हातीं लागला तरी संग्राहकास आनंद होतो, आणि तो रास्तच आहे. याच कुळांतला एक कागद आज कोल्हापुरांत घरोघर आहे. त्याकडे मात्र इतिहासाचें साधन म्हणून कोणी पाहात नाहीं. हा कागद म्हणजे मोटारसायकल चालविण्याचा परवाना आणि त्याच्या आधीं मिळणारा शिकाऊ परवाना. या कागदांची पूर्वपीठिका, ते मिळविण्यासाठीं प्रौढ माणसास द्यावी लागणारी परीक्षा, आणि संशोधकानें ते कसे वाचावे, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहूं. 'परवाना' हा फारसी शब्द मराठी दप्तरांत शतकानुशतकें मुरलेला आहे. 'लायसन' हें इंग्रजी अमलांतून आलेलें व लोकांच्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेलें रूप होय. 'अनुज्ञप्ति' हा संस्कृतावरून घेतलेला शब्द सरकारी मराठींतला आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनीं राज्यव्यवहारकोशांत फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर इंग्रजी शब्दांच्या बाबतींत त्याच जातीचा उद्योग पुन्हा मोठ्या प्रमाणावर झाला. आज कार्यालयाच्या पाटीवर 'शिकाऊ अनुज्ञप्ति' असते आणि खिडकीपुढें उभा असलेला मनुष्य 'लर्निंग' मागतो. तें झाल्यावर त्यास 'पक्कें लायसन' हवें असतें. एकाच कागदाचीं हीं तीन नांवें म्हणजे तीन राजवटींचे थर होत.

परंतु नांवांपेक्षां महत्त्वाचा बदल कागदाच्या आधारांत झाला आहे. जुना परवाना देतांना मनुष्य कोण, कोणाचा, कोणत्या कामास निघाला, हें पाहिलें जाई. धन्याची मर्जी हाच त्या कागदाचा पाया. वाहनाच्या परवान्यांत मर्जीच्या जागीं परीक्षा आली. ज्याचा हात, पाय, डोळा आणि समज कसास उतरली त्यास कागद मिळावा, असें कायद्यानें ठरविलें. गांवचा पाटील आणि त्याचा गडी या दोघांनाही तोच प्रश्न व तोच फेरा. व्यवहारांत हें तत्त्व नेहमींच पाळलें गेलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण तत्त्व बदललें, ही गोष्ट इतिहासकारानें नोंदविण्यासारखी आहे.

हा बदल टप्प्याटप्प्यानें झाला. इ. स. १९१४ च्या ८ व्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांत सार्वजनिक ठिकाणीं मोटार चालविण्यास परवाना आवश्यक केला आणि पुष्कळसा तपशील प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोपविला. इ. स. १९३९ च्या ४ थ्या कायद्यानें चालकाच्या पात्रतेची कसोटी परिशिष्टांत कलमवार मांडली. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन झाल्यावर येथील वाहनचालक त्या राज्याच्या कायद्याखालीं आला. सध्यांचा १९८८ चा ५९ वा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलांत आहे. कोल्हापूरच्या गाड्यांवरील 'एमएच ०९' हीं अक्षरेंही याच कायद्याखालील नोंदणीचीं आहेत.

आतां परीक्षेकडे वळूं. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें आधीं ज्ञानाची चांचणी होते. तींत वाहतुकीच्या खुणा व रस्त्याचे नियम, अपघात झाल्यास चालकाचें कर्तव्य, राखणदार नसलेलें रेल्वेफाटक ओलांडतांना घ्यावयाची काळजी, आणि वाहनाबरोबर बाळगावयाचे कागद, इतके विषय असतात. ६० टक्के उत्तरें बरोबर आलीं म्हणजे उमेदवार उत्तीर्ण. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्यावांचून पक्क्या परीक्षेस बसतां येत नाहीं. या काळांत गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबडें 'एल' अक्षर लावावें लागतें. त्याचेंही माप ठरलेलें आहे : पाटी अठरा सेंटिमीटर चौरस, अक्षर दहा सेंटिमीटर उंच. शिकविणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणास मागें बसवितां येत नाहीं. पक्क्या परीक्षेंत नापास झाल्यास सात दिवसांनीं पुन्हा संधि मिळते. तीन वेळां नापास झाल्यास साठ दिवस थांबावें लागतें.

मोटारसायकलच्या उमेदवाराकडून इंग्रजी आठच्या आकड्याचा फेरा करवून घेण्याचा प्रघात आहे. पाय जमिनीस न टेकतां सावकाश आठ काढावयाचा. वरवर हा पोरखेळ वाटतो. परंतु डावें-उजवें वळण, तोल, क्लच आणि नजर या सर्वांची पारख त्या एका आकृतींत होते. वेग असला म्हणजे गाडी स्वतःच तोल धरते. वेग काढून घेतला कीं तो स्वारास धरावा लागतो. म्हणूनच सरळ रस्त्यावर वर्षानुवर्षें गाडी हांकलेला मनुष्य येथें पाय टेकतो.

प्रौढाची अडचण तरुणाहून निराळी असते. जन्मभर सायकल चालविलेल्या माणसास तोल शिकवावा लागत नाहीं. परंतु सायकलीवर ज्या हाताच्या मुठींत ब्रेक असतो त्याच मुठींत येथें क्लच येतो, आणि घाबरल्यावर हात जुन्या सवयीनें वागतो. यंत्रांतही एकवाक्यता नव्हती. मद्रासकडे १९५५ पासून बनूं लागलेल्या एनफील्ड बुलेटचा गिअर दीर्घकाळ उजव्या पायाशीं होता, इतर बहुतेक मोटारसायकलींचा डाव्या पायाशीं, आणि जुन्या बजाज स्कूटरचा डाव्या मुठींत. एका गाडीवर शिकलेला मनुष्य दुसरीवर अर्धा नवशिका ठरे. १९८८ च्या कायद्यानें गिअरची आणि बिनगिअरची मोटारसायकल असे दोन स्वतंत्र वर्ग केले, त्यामागील कारण यावरून ध्यानांत येईल. दुचाकीच्या परवान्यास शालेय शिक्षणाची अट नाहीं. तरीही ज्याचें वाचन पाटी-पेन्सिलीपाशींच थांबलें अशा पन्नाशीच्या माणसास खुणांची पुस्तिका हीच खरी चढण असते. घरांतलीं मुलें ती त्यास वाचून दाखवितात आणि बाप पाठ म्हणून दाखवितो. शिकविणारा व शिकणारा यांची अशी अदलाबदल ज्या कागदामागें आहे, तो कागद समाजेतिहासाचा पुरावा नव्हे काय?

हा पुरावा वाचावा कसा, तेंही सांगतों. शिकाऊ आणि पक्क्या परवान्याच्या तारखा शेजारीं ठेवाव्या; अंतर महिन्याभराचें असेल तर उमेदवार बहुधा पहिल्याच खेपेस पार पडला, पुष्कळ अधिक असेल तर नापास झाल्याचा किंवा सवड न मिळाल्याचा संशय घ्यावा. वाहनाचा वर्ग पाहावा. आधीं मोटारसायकल व मागाहून मोटारगाडी चढविलेली असेल तर त्या घराच्या ऐपतीची पायरी तेथें उमटलेली असते. जन्मतारीख आणि मुदत ताडून पाहावी. पूर्वीं खासगी परवाना वीस वर्षें किंवा वयाचीं पन्नास वर्षें, यांपैकीं जें आधीं येईल तोंवर चाले. २०१९ च्या दुरुस्तीनें तिशीच्या आंतील माणसास चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नाशीच्या माणसास दहा वर्षें, पन्नास ते पंचावन्नच्या माणसास साठीपर्यंत, आणि त्यापुढें पांच वर्षें अशी मुदत ठरविली. तेव्हां पंचेचाळिसाव्या वर्षीं शिकलेल्याच्या कागदावर पूर्वीं पांच वर्षें दिसतील, आतां दहा. चाळिशी उलटलेल्याच्या अर्जास वैद्यकीय दाखला जोडलेला असतो; तोही फेकूं नये. विनापरवाना गाडी चालविण्याचा दंड त्याच दुरुस्तीनें ५०० वरून ५,००० रुपयांवर नेला. प्रौढ उमेदवारांच्या अर्जांची गर्दी कोणत्या वर्षीं वाढली हें उद्यां कोणी तपासूं गेला, तर हे आंकडे त्यानें हाताशीं ठेवावे.

हें सर्व आजच लिहिण्याचें कारण असें कीं हे कागद आतां थोड्या दिवसांचे सोबती आहेत. वहीवजा परवाने जाऊन पत्र्यासारखीं कार्डें आलीं. कार्डाचें काम भ्रमणध्वनींतील प्रतीवर भागूं लागलें. आणि जून २०२१ पासून महाराष्ट्रांत शिकाऊ परवान्याची चांचणी घरबसल्या संगणकावर देण्याची सोय झाली. ही सोय आम्हांस नापसंत नाहीं. खेड्यांतून एक दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गांवीं येणाऱ्यास तिचें मोल आमच्याहून अधिक कळतें. परंतु जेथें कागदच निघत नाहीं तेथें दप्तर उरत नाहीं, आणि जे निघाले ते मुदत सरल्यावर रद्दींत जातात.

म्हणून मोडी रुमालांच्या शोधांत जे घरोघर हिंडतात त्यांस आमची विनंति आहे. कपाटांतील सनदेची चौकशी करितांना खुंटीवरच्या जुन्या पाकिटाचीही करावी. मुदत संपलेले परवाने, खुणांच्या मराठी पुस्तिका, नापासाचे शेरे असलेले अर्ज, तांबड्या अक्षराच्या पाट्या, हें सर्व मालकाच्या संमतीनें जमवावें. कागद कोणत्या घरचा, केव्हां व कोणाकडून मिळाला, त्याची टीप जागच्या जागीं करावी. आणि हयात माणसाचा पत्ता, क्रमांक व सही प्रसिद्ध करूं नये. सनदेंत राजानें काय दिलें तें सांपडतें; या कागदांत चाळिशीच्या शेतकऱ्यानें, गवळ्यानें, शिंपिणीनें स्वतः शिकून काय मिळविलें तें सांपडेल. दोहोंसही आपल्या संग्रहांत एकाच फडताळांत जागा असावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.